पाटोळेबाईंची सात पदकं

पाटोळेबाई 'उजवीकडं' म्हणाल्या की आम्ही डावीकडं बघायचो. शिक्षकांच्या खोलीतल्या कपाटात उजव्या कप्प्यात खडू आहेत असं त्यांनी सांगितलं, तर ते हमखास डाव्या कप्प्यात निघायचे. नव्या माणसाचा गोंधळ व्हायचा. माझाही झाला. पण त्यांचं चुकत नव्हतं. उजवं-डावं त्या बघणाऱ्याच्या बाजूनं धरायच्याच नाहीत, वस्तूच्या बाजूनं धरायच्या. कपाट आपल्याकडं तोंड करून उभं आहे, तर त्याचा उजवा हात तो उजवा.

"ढाल धरणारा ढालीच्या मागं उभा असतो, शेळकेसर," त्या मला म्हणाल्या होत्या. "त्याचं उजवं ते उजवं. आपण नुसते बघणारे."

ढालीचा आणि खडूंचा संबंध काय, हे कळायला मला महिना लागला.

ही नव्वद-एक्याण्णवची गोष्ट. शिरूर तालुक्यात एका लहानशा मिशनची शाळा होती; आता ती नाही, म्हणून नाव सांगत बसत नाही. मी तिथं विज्ञान शिकवायला लागलो. तळेगाव ढमढेऱ्याहून रोज एस्टीनं यायचो, ती चुकली तर जीपला लटकून. पाटोळेबाई तिथं वीस वर्षं चित्रकला शिकवत होत्या. रूथ पाटोळे. वडील दौंडला रेल्वेत पॉइंट्समन होते, भाऊ गार्ड. बाईंनी लग्न केलं नव्हतं. शाळेच्या आवारातल्या एका खोलीत राहायच्या आणि महिन्यातून एखाद्या शनिवारी दौंडला भावाकडं जायच्या. अंगानं काटकुळ्या, सुती पातळ, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. बोलणं कमी आणि स्वच्छ. आमच्या शाळेत 'न्हाई' आणि 'हाय' सगळेच म्हणायचे, मीसुद्धा. बाई मात्र 'नाही' म्हणायच्या, तेही असं की पुढं कुणी विचारू नये.

उन्हाळ्याच्या तोंडावरची दुपार होती. कचेरीत पंख्यानं हजेरीपटाची पानं फडफडत होती. मी टेबलावरची एक काळी, जाड चकती उचलली आणि पानांवर ठेवली. समोर वह्या तपासणाऱ्या बाईंनी पेन खाली ठेवलं.

"काय ठेवलंत ते?"

"पेपरवेट."

"बघितलंत का?"

"त्यात काय बघायचं?"

त्यांनी चकती उचलून खिडकीपाशी नेली, उजेडात तिरकी धरली. "आता सांगा. दिसतंय तेवढंच सांगा. माहीत असलेलं नको."

"सिंह आहे."

"कसा?"

"उभा. मागच्या पायांवर. पुढचे पंजे उगारलेले."

"तोंड कुठं?"

"डावीकडं."

"उजवीकडं," त्या म्हणाल्या. "त्याच्या मागची जमीन कशी आहे?"

"रेघा आहेत. बारीक. आडव्या."

"बोट फिरवून बघा. आडव्या रेघा म्हणजे निळा रंग. उभ्या असत्या तर लाल. सिंहाच्या अंगावर ठिपके लागतात हाताला? ठिपके म्हणजे सोनं. आणि जिथं काहीच नाही, नुसतं कोरं आहे, ती चांदी." त्यांनी चकती माझ्या तळहातावर ठेवली. "हे पदक पाडणाऱ्यांना धातूवर रंग देता येत नव्हता. म्हणून त्यांनी तो रेघांत लिहून ठेवला. निळ्या जमिनीवर सोन्याचा सिंह आहे हा. तीनशे वर्षं उभा आहे. तुम्ही पेपरवेट म्हणालात."

चकती होती तशीच काळी होती. पण मी ती परत हजेरीपटावर ठेवू शकलो नाही.

अशी सात पदकं होती. फार पूर्वी एक जर्मन मॅडम मिशनमध्ये शिकवायला आल्या, इथंच तापानं गेल्या, इथंच त्यांना पुरलं. त्यांच्या आजोबांना जुनी पदकं जमवायचा नाद. त्यातली सात मॅडमनी सोबत आणली होती. मॅडम गेल्यावर त्यांची ट्रंक माळ्यावर गेली. बाई नोकरीला लागल्या त्या वर्षी माळा साफ करताना ती निघाली. आत मखमलीचे खळगे असलेली एक लाकडी पेटी आणि पुठ्ठा गेलेलं एक इंग्रजी पुस्तक, घराण्यांच्या ढालींवरचं. पदकं इतकी काळी पडली होती की सगळ्यांनी ती शिशाची ठरवली. त्यातली दोन-तीन कायम कचेरीत कागदांवर असायची. म्हसूमामा शिपाई एकदा ती राखेनं घासायला बसले होते.

"मामा, राहू द्या," बाई म्हणाल्या होत्या. "तो काळा थर त्यांचं पांघरूण आहे."

"शिसंच हाय न्हवं बाई? चमकंल तरी."

"नको चमकायला."

एवढंच. चांदीची आहेत हे त्यांनी तेव्हा सांगितलं नाही. मला वाटतं, तेवढ्यापुरतं त्यांना शहाणपण होतं.

डिक्शनरी मांडीवर घेऊन वीस वर्षं त्या ते पुस्तक वाचत होत्या आणि पदकांचं वर्णन मराठीत लिहीत होत्या. दोनशे पानी वही. एका पानावर पातळ कागद पदकावर ठेवून मऊ पेन्सिलनं उठवलेला ठसा, समोरच्या पानावर वर्णन. त्यासाठी लागणारे शब्द मराठीत नव्हते. बाईंनी ते बसवले. ढालीच्या दोन्ही बाजूंनी तिला धरून उभे असलेले प्राणी म्हणजे भालदार-चोपदार. वरच्या शिरस्त्राणावरचा तो तुरा, त्यावरून खाली सुटलेली फडफडती कापडं म्हणजे शेला. एका पदकावरच्या ढालीचे वीस-बावीस चौकोन केलेले होते आणि प्रत्येकात वेगळं चिन्ह. मी म्हणालो, हे काय गौडबंगाल.

"सातबारा आहे," बाई म्हणाल्या. "हे बापाकडून आलेलं. हे आईकडून. हे बायकोबरोबर आलं. आणि हे कोपऱ्यातलं कधी ताब्यात नव्हतंच, नुसता दावा सांगितलाय. तीन पिढ्या सांगितला, तरी ढालीवरून काढला नाही."

एका पदकावर दुतोंडी गरुड होता आणि त्याच्या पंजाखाली चंद्रकोर; कुठल्याशा वेढ्यातल्या विजयाचं ते. एकावर ढगातून दोन हात निघून एकमेकांत गुंतलेले, खाली नवऱ्याची आणि नवरीची ढाल एकमेकींकडं कललेल्या. एकावर एक बाई मशालीनं शस्त्रांच्या ढिगाला आग लावत होती. तह झाल्याचं पदक. सातवं सगळ्यांत लहान. त्यावर राजा नाही, शहर नाही. वाळलेल्या झाडाच्या फांदीला एक ढाल टांगलेली, तीही उलटी, टोक वर.

"हे चुकून झालं का?" मी विचारलं.

"नाही. घराण्यातला शेवटचा माणूस गेला की ढाल उलटी करायचे. हे कुणी पाडून घेतलं असेल? घरात तर कुणी उरलं नव्हतं."

ते त्यांचं सर्वांत आवडतं होतं, हे मला पुढं कळलं.

वर्गात त्या पदकं आणायच्या नाहीत, ठसे आणायच्या. एकदा नववीच्या मोकळ्या तासाला त्या हे सगळं सांगत असताना मी दारात उभा होतो. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. बौद्धवाड्यातली, संगीता नाव.

"बाई, असलं घराण्याचं चिन्ह आमच्यात न्हाई ना?"

वर्गात कुणीतरी हसलं. बाईंनी हसणाऱ्याकडं बघितलं नाही.

"ज्यानं पहिल्यांदा ढालीवर सिंह काढला, त्याला तो कुणी दिला होता?" त्यांनी विचारलं.

"म्हाईत न्हाई."

"कुणीच नाही. त्यानं काढला. माझ्या आजोबांकडंही ढाल नव्हती. सगळ्यांनी वह्या काढा. आपली आपली ढाल काढायची. एकच अट, घरात जे रोज दिसतं तेच."

मुलांनी कांदा काढला, शिलाई मशीन काढलं, एकानं बुलेटची टाकी काढली. संगीतानं बापाची थापी आणि ओळंबा काढला. तो गवंडी होता. बाईंनी एकेक ढाल हातात घेऊन मोठ्या राजघराण्याची असावी तशी वाचून दाखवली. "लाल जमीन. मधोमध चांदीचा ओळंबा, टोक खाली. त्याच्या उजवीला सोन्याची थापी." ती मुलगी उभीच राहिली होती. तिला बसायचं सुचलं नाही.

त्या ढाली दोन महिने भिंतीवर होत्या. त्या दोन महिन्यांत मी बाईंना दोन-तीनदा मोठ्यानं हसताना ऐकलं. पुढचं आठवलं की मला आधी ते हसणं आठवतं, आणि मग पुढचं जास्तच त्रास देतं.

शाळेचा अमृतमहोत्सव आला. बाईंनी ठरवलं, हीच वेळ आहे. दर्शनी भागात एक काचेचं कपाट, त्यात सात पदकं, खाली मराठीत माहिती. त्यांनी रीतसर अर्ज केला आणि शाळा चालवणाऱ्या मंडळाच्या बैठकीत त्यांना बोलावणं आलं. मीही होतो. बाईंनी टेबलावर पेटी उघडली आणि अर्धा तास बोलल्या. इतकं बोलताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. मंडळी जांभया आवरत होती. शेवटी अध्यक्षांनी एक पदक तळहातावर झेललं.

"ह्ये हाय कशाचं, बाई? शिसं?"

काच मिळवायची तर सांगणं भाग होतं.

"चांदीचं," त्या म्हणाल्या.

"सगळी?"

"सगळी."

अध्यक्ष माझ्याकडं वळले. "शेळके, तुम्ही सायन्सवाले. बघून सांगा जरा."

दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेत मोजपात्रात पाणी घेतलं. वस्तू बुडवायची, पाणी किती चढलं ते बघायचं, वजनाला त्यानं भागायचं. आधीच्या शाळेपासून वर्षानुवर्षं शिकवलेला प्रयोग. पहिल्यांदाच काहीतरी खरं शोधायला वापरत होतो, म्हणून मला उत्साह होता. सातही चांदीची निघाली. मी तसं शाळेच्या कागदावर लिहून सही करून दिलं आणि पेटी कचेरीतल्या कपाटात ठेवली. बाईंनी तो कागद वाचला आणि म्हणाल्या, "आता काच मिळेल."

पंधरा दिवसांनी मंडळाकडून बाईंना निरोप आला. महोत्सवानिमित्त तालुक्यातल्या शाळांसाठी वक्तृत्वाची फिरती ढाल ठेवायची आहे, तिच्यावर शाळेचं बोधचिन्ह हवं, तुम्हाला त्यातलं कळतं, काढून द्या. बाई आठ दिवस त्या कामात बुडाल्या होत्या. पुस्तक आणि दिवा त्यांनी पहिल्याच दिवशी बाद केला. सगळ्या शाळांचं तेच असतं म्हणाल्या. आवारात शाळेच्याही आधीची विहीर होती. दुष्काळात तिचं पाणी कुणाला अडवलं नव्हतं, असं जुनी माणसं सांगायची. बाईंनी लाल जमिनीवर सोन्याचं रहाटाचं चाक काढलं आणि खाली पाण्याच्या दोन नागमोडी रेघा. रंगावर धातू यावा, रंगावर रंग येऊ नये, हा नियम त्यांनी मला तीनदा समजावून सांगितला. इतका नितळ आनंद मी पन्नाशीच्या माणसाच्या तोंडावर पुन्हा पाहिलेला नाही.

समारंभाला मांडव भरला होता. पाहुण्यांनी ढालीवरचं कापड काढलं. बाई माझ्याशेजारी मागं उभ्या होत्या, टाचा उंचावून बघत होत्या.

"सर, चाकाच्या मागं उभ्या रेघा दिसतात का?"

"दिसतात."

"म्हणजे लाल. सराफानं नीट काढल्यात. मला वाटलं होतं विसरेल."

सोमवारी त्या पेटी मागायला कचेरीत गेल्या. काचेच्या कपाटाचं माप घ्यायचं होतं. मी तिथंच होतो. मुख्याध्यापकांनी कपाटातून पेटी काढून दिली. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं की बाईंना माहीत आहे. बाईंनी झाकण उघडलं. सात खळगे, सातही रिकामे.

"बाई, ढालीलाच लागली ना ती," मुख्याध्यापक म्हणाले. "मंडळाचा ठराव झाला. शाळेची वस्तू शाळेच्याच कामी आली. अन् डिझाईन तुमचंच. ह्याच्यापेक्षा चांगलं काय व्हायचं?"

"सातही?"

"सातही."

बाईंनी झाकण लावलं. पाचव्या तासाची घंटा झाली तेव्हा त्या वर्गावर गेल्या आणि आठवीला केळ्याचा घड काढायला दिला.

शाळा सुटल्यावर मला म्हणाल्या, "सराफाकडं येता का?" आम्ही चालत गेलो. सराफ साठीचा, सरळ माणूस. बाईंना बघून उठून उभा राहिला.

"मी इचारलं व्हतं, बाई," तो आपणहून म्हणाला. "म्हन्लं, ह्ये काम जुनं हाय, असं पुन्हा व्हायचं न्हाई, ऱ्हाऊ द्या. तर म्हन्ले ठराव झालाय."

"एखादं राहिलं का?"

त्यानं खाली बघितलं. "एक बारकं व्हतं. झाड आन् उलटी ढाल. ते मी दोन दिस बाजूला ठिवलं व्हतं. म्हन्लं, आपल्याकडची चांदी घालून भरून काढू. पन मग कडेला कमी पडाय लागली, कार्यक्रम तोंडावर आला. घातलं."

"कधी?"

"सगळ्यांत शेवटी."

बाईंनी मान हलवली. मग विचारलं, "वितळायला किती वेळ लागतो?"

"लई न्हाई लागत, बाई," तो म्हणाला. त्यानं चहा मागवला होता. बाईंनी तो घेतला, कप खाली ठेवला, आणि त्याला म्हणाल्या, "रेघा चांगल्या काढल्यात तुम्ही." त्या बिचाऱ्याला कुठं बघावं कळेना.

परतताना रस्त्यात त्या एकदाच बोलल्या. "वीस वर्षं शिशाची होती तोवर सुखरूप होती. मी चांदीची म्हणाले."

"मीही लिहून दिलं, बाई."

"तुम्ही मोजलंत. सांगितलं मी."

हे इथंच संपलं असतं तर कदाचित त्या सावरल्या असत्या. पण आदल्या वर्षी त्यांनी सातही ठशांच्या प्रती युरोपातल्या एका संग्रहालयाला पाठवल्या होत्या. उत्तराची आशा त्यांनी सोडली होती. समारंभानंतर चार महिन्यांनी उत्तर आलं. जाड, पांढरा कागद. सहा पदकं आमच्या माहितीतली आहेत, असं लिहिलं होतं. सातवं, उलट्या ढालीचं, कुठल्याही यादीत नाही. असं एक पदक पाडलं गेल्याचा उल्लेख एका जुन्या पत्रात सापडतो, पण ते आजवर कुणी पाहिलेलं नाही. कृपया ते जपून ठेवा, छायाचित्र पाठवा, आमचा माणूस येऊन बघू इच्छितो. पत्राच्या शेवटी बाईंच्या ठशांचं कौतुक होतं.

बाईंनी पत्र दोनदा वाचलं. मग कोरा कागद पुढं ओढला.

"सर, वितळवली, ह्याला इंग्रजीत मेल्टेडच म्हणायचं ना?"

"हो."

"मेल्टेड लिहिलं की ते विचारणार, कुणी. मग मी काय लिहू? शाळेनं? ते म्हणतील, अशा लोकांकडं ठेवायलाच नको होती. मॅडमना मूर्ख म्हणतील. त्या इथं राहिल्या, इथल्या मातीत आहेत." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "हरवली लिहिते."

"कुणाकडून हरवली?"

"माझ्याकडून."

"बाई, असं कसं? खरं ते लिहा. दिसेल तेच लिहायचं, हे तुम्हीच शिकवता."

"आता काय दिसतंय?" त्या म्हणाल्या.

त्यांनी लिहिलं. मला वाचायला दिलं. इंग्रजी अचूक होतं. मी ते फाडायला हवं होतं, किंवा मागून स्वतः एक पत्र लिहायला हवं होतं. लिहिलं नाही. मंडळाची नोकरी होती, माझी मुलं शिकत होती. ही कारणं तेव्हा मला पुरेशी वाटली.

संग्रहालयाचं दुसरं पत्र लवकर आलं. तीन ओळी. इतक्या दुर्मीळ वस्तूची योग्य ती काळजी घेतली गेली नाही याचा खेद वाटतो. ठसे सोबत परत पाठवत आहोत. खाली सही.

बाईंनी ते घडी करून पाकिटात घातलं आणि पाकीट पिशवीत. त्या दिवसापासून त्यांच्यातलं काहीतरी गेलं. त्या आजारी पडल्या नाहीत, रजा घेतली नाही. तास वेळेवर घेत होत्या. पण मुलांना म्हणायच्या, "काढा काहीही." वीस वर्षांत हे शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. संगीता दहावी होऊन भेटायला आली. तिनं नर्सिंगचा फॉर्म भरला होता. ती म्हणाली, "बाई, माझी ढाल अजून हाय घरात." बाई म्हणाल्या, "बरं." मुलगी थोडा वेळ थांबली आणि गेली.

पुढच्या वर्षी वक्तृत्वाची फिरती ढाल आमच्याच शाळेनं जिंकली. फोटोग्राफर आला. अध्यक्ष म्हणाले, "बाईंच्या हातात द्या, त्यांनीच काढलीय." बाईंनी दोन्ही हातांनी ती ढाल धरली. फोटोग्राफर "थोडं वर, थोडं वर" म्हणत राहिला, तसतशी त्या ती वर उचलत गेल्या. तो फोटो पुढं बरीच वर्षं कचेरीत होता. मी त्या भिंतीकडं पाठ करून बसायला लागलो.

निवृत्त होऊन त्या दौंडला गेल्या. भाऊ रेल्वेच्या कॉलनीतून बाहेर पडून जवळच घर बांधून राहिला होता. वर्षभरात तो गेला. मी एकदा न्हावऱ्यावरून जाणाऱ्या एस्टीनं त्यांना भेटायला गेलो. मागच्या खोलीत कॉटवर बसल्या होत्या. डोळ्यांत काचबिंदू उतरला होता. समोरचं दिसायचं, बाजूचं जात चाललं होतं. भावजय चांगली होती. मला दारात हळूच म्हणाली, "ताई बोलतच न्हाईत वो. जेवा म्हन्लं की जेवतात. चर्चलाबी येत न्हाईत आता."

मी वहीचा विषय काढला. म्हणालो, पुण्यात एका नियतकालिकाच्या संपादकांशी माझी ओळख झाली आहे. मराठीत असं काम कुणी केलेलं नाही. छापू.

"आणि खाली काय लिहाल?" त्यांनी विचारलं. "पदकं कुठं आहेत म्हणून?"

"हरवली म्हणून."

"कुणी हरवली?"

बाहेर मालगाडी जात होती. बाईंनी तिचा आवाज संपू दिला.

"खरं छापलं तर मी त्या लोकांना खोटं लिहिलं हे छापावं लागेल," त्या म्हणाल्या. "खोटं छापलं तर ते माझ्या नावावर कायमचं राहील. मी सगळ्या बाजूंनी विचार करून बघितलाय, सर. कुठूनच वाट नाही." मग त्यांनी विचारलं, "तुम्ही रिटायर कधी होणार?"

"अजून अवकाश आहे."

"मग जाऊ द्या," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. वही कुठं आहे हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

त्यानंतर तीन-चार वर्षं गेली. दौंडला डोळ्यांचं मोफत शिबिर होतं, माझ्या आईचा मोतीबिंदू पिकला होता, म्हणून मी तिला घेऊन गेलो. मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये दोनशे माणसं बाकांवर बसली होती. प्रत्येकाच्या कपाळाला चिकटपट्टीवर नंबर. आमच्या पुढच्या तिसऱ्या बाकावर पाटोळेबाई होत्या. एकट्या. पातळ स्वच्छ होतं, केस पूर्ण पांढरे. मान ताठ धरून समोर, कुठंच न बघता बसल्या होत्या. एक तरुण कार्यकर्ती फॉर्म भरत बाकांवरून पुढं सरकत होती. ती त्यांच्यापाशी आली.

"नाव काय आजी?"

"रूथ पाटोळे."

"काय काम करत होता?"

"काही न्हाई," बाई म्हणाल्या. "घरीच."

मी कान टवकारले. 'न्हाई' असं त्या म्हणाल्या होत्या.

"शिक्षण?"

बाईंनी मान हलवली.

"लिहिता-वाचता येतं का थोडंफार? सही?"

"न्हाई."

मुलीनं शाईचं पॅड उघडलं. बाईंनी डावा हात पुढं केला. मुलीनं त्यांचा अंगठा धरून शाईत टेकवला, कागदावर दाबला, कापसाचा बोळा हातात दिला आणि पुढच्या म्हाताऱ्याकडं वळली. बाई बोळा मुठीत धरून बसल्या. अंगठा पुसला नाही.

उठून तीन बाकं पुढं जायला मला किती वेळ लागला असता. जाऊन म्हणायला हवं होतं की ह्या आमच्या शाळेत तीस वर्षं शिक्षिका होत्या, तो फॉर्म इकडं द्या. माझा हात आईच्या खांद्यावर होता, तो तिथंच राहिला.

आईला नीट दिसत नव्हतं, पण मी कुणाकडंतरी बघतोय हे तिला कळलं.

"कोन हाय रं ती म्हातारी?" तिनं विचारलं. "वळकीची हाय का?"

"न्हाई," मी म्हणालो.